बुबुळावरची जखम

सिस्टरांनी पिशवीतल्या औषधाच्या तीन बाटल्या एकेक करून डॉक्टरांच्या टेबलावर आपटल्या.

"बघून घ्या. एक थेंब चुकला असेल तर सांगा!"

डोळ्यांच्या वॉर्डात बत्तीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या होत्या, तरी गल्लीत सगळे त्यांना अजून सिस्टरच म्हणत. शेजारच्या खुर्चीत त्यांची लेक काळा चष्मा लावून, मान खाली घालून बसली होती. अग्निशमन दलाच्या भरतीत चष्मा चालत नाही, म्हणून तिने लेझरने नंबर घालवून घेतला होता. बुबुळावरची नाजूक कातडी खरवडून मग लेझर मारतात. ती कातडी पाच दिवसांत परत येते, असं याच डॉक्टरने सांगितलं होतं. आज अकरावा दिवस, आणि दोन्ही डोळ्यांतली जखम होती तशीच. भरतीची तपासणी दीड महिन्यावर आली होती.

"एव्हाना भरायला हवी होती," डॉक्टर म्हणाला. "का भरत नाहीये, तेच कळत नाहीये."

सिस्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"कळत नाही, तर यंत्राला हात कशाला लावलात? हात साफ करायला माझीच पोर सापडली का? तुमच्यासारखे पन्नास जण माझ्यासमोर थेंब घालायला शिकलेत!"

"आई, हळू बोल ना."

"तू गप्प बस!"

बाहेरचे पेशंट दाराच्या काचेतून डोकावू लागले. डोकावेनात का. सगळ्यांनाच कळू दे, असं सिस्टरांना वाटत होतं.

"खूप दुखतं का?" डॉक्टरने लेकीला विचारलं.

"नाही. अजिबात नाही."

"दुखेल कसं?" सिस्टर कडाडल्या. "तुम्ही हात झटकून मोकळे झालात. पहिल्या दिवशी पोर भिंतीवर डोकं आपटत होती. फोन केला, तर तुमची नर्स म्हणते, सहन करा! मी काय नुसती बघत बसणार होते? आमच्या वॉर्डातून बधिर करायचे थेंब मागवले. तेव्हापासून दर दोन तासांनी घालतेय. एकदाही दुखू दिलं नाही मी तिला."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं.

"ती बाटली आहे का आत्ता?"

सिस्टरांनी ती पर्समधून ऐटीत काढून दिली.

"सिस्टर, तपासणीआधी एक थेंब घालायचं औषध आहे हे." त्याने आवाज चढवला नाही, याचाच त्यांना जास्त संताप आला. "रोज घातलं, तर नवी कातडी धरतच नाही."

"बत्तीस वर्षं घातलेत मी हे थेंब!"

"एका पेशंटला एकदाच ना?"

लेकीने काळा चष्मा काढला. डोळे लालबुंद होते.

"मी विचारलं होतं तुला, आई. इतक्या वेळा चालतील ना, म्हणून. तू म्हणालीस, मला शिकवू नकोस."

बाटली डॉक्टरने ठेवून घेतली. थेंब थांबले की जखम बहुतेक भरेल, पण तीन-चार दिवस फार दुखेल, असं सांगून त्याने गोळ्या लिहून दिल्या.

घरी पोचून तास झाला नाही, तोच लेक उशीत तोंड खुपसून किंचाळली. सिस्टर ताडकन उठल्या, साबणाने हात धुऊन आल्या आणि पलंगापाशी नुसत्याच उभ्या राहिल्या.

"काहीतरी घाल ना गं!"

"नाही."

"मग जा इथून! तुझ्यामुळे झालंय सगळं!"

सिस्टर गेल्या नाहीत. पलंगाच्या कडेला टेकल्या. लेकीने चाचपडत त्यांचं मनगट धरलं आणि रागारागाने त्यात नखं रुतवली. सिस्टरांनी हात काढून घेतला नाही.