पंचविसाव्या मिनिटाला

दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरांचा फोन गुरुवारी दुपारी आला. तो संपेपर्यंत सूनबाई ओट्यापाशी उभी राहून हातातल्या फडक्याला पीळ घालत होती.

"अगं, तीन वेळा! तीन वेळा तुझी गाडी टेकडीच्या रस्त्यात बंद पडली," पलीकडून आवाज आला. "सोमवारी चौथ्यांदा तसं झालं तर मी तुला वॉर्डात घेणार. फेरी बंद."

"मग त्या सात घरांत कोण जाईल?"

"कोणी नाही. ज्यांना गरज आहे ते दवाखान्यात येतील."

"मॅडम, त्यांतल्या चौघांना कुशीवर वळायलासुद्धा माणूस लागतं."

"म्हणून तर सोमवारपर्यंत थांबलेय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि त्यांचा आवाज जरा मऊ पडला. "बघ बाई, काय होतंय ते."

सूनबाई घरोघर जाऊन रोग्यांचं करणारी परिचारिका. टेकडीपलीकडची फेरी तिच्याकडे येऊन सहाच आठवडे झाले होते. पण या सहा आठवड्यांत, वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा, तिला आपण कामावरून रिकाम्या हाताने घरी येत नाही असं वाटू लागलं होतं. एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम कडेकडेने गुलाबी रंग धरत होती. एक आजी तिची चाहूल लागली की सुईसाठी आपणहून बाही वर करून बसायची. देवाने एवढं काम ओंजळीत घातलं आणि ते निसटणार कशाने, तर एका जुन्या गाडीच्या खोडीने!

गाडीचं नाव निळी. रंग उन्हाने कधीच उडून गेला होता, नाव तेवढं राहिलं होतं. निळी सकाळी पहिल्या किल्लीला गुणी लेकरासारखी उठायची, पंचवीस मिनिटं सुरेख पळायची आणि मग चढावर आचके देत मान टाकायची. पाव तास नुसती उभी ठेवली, की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू!

"भंगारवाल्याला बोलवा," नवरा जेवताना म्हणाला. "दोन गॅरेजं झाली. दोघांनी हात टेकले. आता काय तिची आरती ओवाळायची?"

"हात टेकले नाहीत, हात लावलाच नाही," सासरे ताटातून मान वर न करता म्हणाले. "तिथे नेली की ती नीट चालते. न कण्हणाऱ्या रोग्याला कोण तपासतो? सूनबाई, तुझी उद्या-परवा रजा टाक. निळी माझ्या ताब्यात दे."

सासऱ्यांनी चौतीस वर्षं शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपांवर फिटर म्हणून काढली होती. सगळी गल्ली त्यांना फिटर म्हणायची, घरात ते बाबा. निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं बाकावर जाऊन बसली, हे मात्र निळीच्या पोटाखाली जाऊन झोपले. तिच्यात गेल्या नऊ वर्षांत जे जे उघडलं, बदललं, घासलं, ते तारखेसह त्यांच्या एका जाड वहीत होतं. अक्षर असं, की छापखान्याने लाजावं.

शुक्रवारी सकाळी अंगणात बॉनेट उघडलं गेलं. सूनबाई हाताशी उभी राहिली. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण बाबांना काम करताना ती अशी जवळून प्रथमच बघत होती, आणि बघता बघता तिला आपल्या उमेदवारीतल्या एका जुन्या डॉक्टरीणबाईंची आठवण झाली. त्याही रोग्याला हात लावण्याआधी अशाच नुसत्या बघत राहायच्या. बाबांनी आधी पान्याला हातच लावला नाही. स्टूल घेऊन बसले आणि तिलाच प्रश्न विचारत सुटले. बंद पडण्याआधी आवाज बदलतो का? झटक्यात पडते की दम लागल्यासारखी? ऊन होतं की ढगाळ? टाकी भरलेली की अर्धी?

"दम लागल्यासारखी," ती म्हणाली. "आणि ऊन असो नसो."

"हं. आता दोन नियम ऐक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी चालली, तर उपकार कोणाचे मानायचे? आणि दुसरा: दुखणं नवं असेल तर आधी विचारायचं, शेवटचा हात कोणाचा लागला."

मग त्यांनी वही उघडली आणि शेवटच्या हातांची झडती सुरू झाली. पहिला सापडला कोपऱ्यावरचा टायरवाला, त्यांचा चाळीस वर्षांचा दोस्त. त्याने दोन महिन्यांपूर्वी मागचे टायर बदलले होते.

"तू जॅक टाकीच्या नळीखाली लावलास. नळी चेपली असणार," फिटर त्याला बोलावून म्हणाले.

"अरे वा! तुझ्या गाडीला खोकला झाला आणि काढा मी प्यायचा?" टायरवाला उसळला. "झोप खाली आणि बघ. चेपलेली निघाली तर मी मिशी उतरवतो."

फिटर खाली गेले. नळी सरळसोट होती. मिशी वाचली.

मग पाळी सूनबाईची आली.

"सकाळी सुरू करताना ओढलेला चोक तसाच ठेवतेस का चालवताना? खरं सांग."

"नाही हो बाबा."

"विसरत असशील. घाईत माणूस विसरतो. कार्बोरेटर गुदमरतो मग."

तीन वेळा भर रस्त्यात उभं राहून मागच्यांचे भोंगे तिने ऐकले होते. चोक आत आहे ना हे दर वेळी दोनदा बघितलं होतं. पण बाबांच्या आवाजात एवढी खात्री होती, की तिला स्वतःच्याच बोटांचा संशय यायला लागला. तेवढं मात्र तिच्या मनाला लागलं.

दिवसभर निळी अंगणात घुरघुरत राहिली. सुरू करण्याआधी बाबा टाकीचं झाकण किल्लीने उघडून आत काठी बुडवत. पेट्रोलचा काटा कित्येक वर्षं मेलेला होता, म्हणून काठी. मग दर पंधरा मिनिटांनी पुन्हा झाकण, पुन्हा काठी; गाडी किती पिते हे वहीत. एक तास झाला, दोन झाले. निळी एकदासुद्धा अडखळली नाही.

"बघा, नाटकी आहे," नवरा खिडकीतून म्हणाला.

"नाटकी नाही," बाबा म्हणाले. "आपल्याला तिची भाषा येत नाहीये."

शनिवारी त्यांनी तापून दगा देते म्हणतात ती ठिणगीची कॉइल बदलली. फक्त कॉइल. गल्लीबोळांतून वीस मिनिटं फेरी मारली, मध्ये उतरून काठी बुडवली, परत आले. गाडी उत्तम. टायरवाला म्हणाला, झालं, पेढे काढ. बाबांनी मात्र वहीत लिहिलं: 'सिद्ध झाले नाही.' एखादा चरण बुवांनी अर्थ लागेपर्यंत घोळवत राहावा, तसे ते त्या पंचवीस मिनिटांभोवती फिरत होते. पंचवीसच का? वीस का नाही?

रविवारी ते म्हणाले, "उद्याच्याच रस्त्याने जाऊ. मी शेजारी बसतो. तू रोज चालवतेस तशी चालव." टायरवाला ढकलायला म्हणून मागे बसला, पण खरं तर त्याला गंमत चुकवायची नव्हती.

चढ लागला. चोविसावं मिनिट. निळीच्या घशात काहीतरी अडकलं. एक आचका, दुसरा, आणि रस्त्याच्या कडेला ती गप्प झाली.

"चोक बघा बाबा," सूनबाई म्हणाली. "आत आहे."

बाबांनी बघितलं. उतरले, प्लगची वायर काढून धरली, तिला किल्ली फिरवायला लावली. ठिणगी निळीशार पडली. "वीज आहे. म्हणजे कॉइल बिचारी निर्दोष होती." मग त्यांनी कार्बोरेटरची पेट्रोलची नळी सोडवून बाटलीत धरली. "फिरव." किल्ली फिरली. बाटलीत थेंब नाही.

"पेट्रोलच संपलं की काय तुझं?" टायरवाला हसला. "एवढा मोठा फिटर, आणि रोगी उपाशी!"

"काठी दे," बाबा म्हणाले. ते मागे गेले, किल्ली घातली, झाकण फिरवलं.

सूंऽऽऽ!

रडून रडून थकलेल्या पोराने एकदम खोल श्वास घ्यावा, तसा आवाज झाला. टाकीने बाहेरची हवा घटाघटा आत ओढली. मग शांत.

बाबा झाकण हातात धरून उभे राहिले. सूनबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. तिथे आधी नवल आलं, मग काहीतरी उजळलं, आणि मग त्या उजेडावर हळूहळू लाली चढली. अशी लाली तिने त्यांच्या कानांपर्यंत चढलेली कधी पाहिली नव्हती.

"फिरव गं किल्ली."

बाटलीत पेट्रोलची धार लागली.

"सापडलं!" टायरवाला ओरडला.

"थांब. अजून नाही." बाबा म्हणाले. "झाकण सैल ठेवून पुढे जाऊ."

पंचवीस मिनिटं गेली, पस्तीस गेली. टेकडी ओलांडून निळी पलीकडच्या सपाटीवर वाऱ्यासारखी पळाली. सूनबाईला वाटलं, आता घरी जावं, देवापुढे दिवा लावावा. पण बाबांनी गाडी वळवायला लावली, झाकण गच्च बसवलं आणि म्हणाले, "आता ती बंद पडेपर्यंत चालव."

"बाबा! चाललीये ना आता?"

"दोष नुसता गेला म्हणजे सापडला असं नाही. घालवता आला आणि बोलावून परत आणताही आला, तर तो सापडला. उद्या तू एकटी असशील. माझ्या अंदाजावर तुला मी पाठवणार नाही."

निळी पंचविसाव्या मिनिटाला पुन्हा मेली. झाकण उघडलं. सूंऽऽऽ! आणि पुन्हा जिवंत झाली.

तेव्हा बाबा रस्त्याकडेच्या कठड्यावर बसले. झाकण मांडीवर. चांगलं चकचकीत, किल्लीचं.

"हे मी बसवलं," ते म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वी. जुनं गंजकं दिसायचं. सूनबाईची गाडी दवाखान्यापाशी उभी असते, कोणी पेट्रोल चोरू नये म्हणून दुसऱ्या गाडीचं शोधून आणलं, घासून चकचकीत केलं. जुन्या झाकणाला श्वासाचं भोक होतं. याला नाही. पेट्रोल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा आत येत नाही, टाकीत ओढ धरते, आणि पंप बिचारा ओढून ओढून हरतो. पाव तासात फटीफटीतून हवा शिरते, की पुन्हा चालू."

"आणि अंगणात?" सूनबाईने विचारलं.

"अंगणात दर पंधरा मिनिटांनी मीच झाकण उघडत होतो ना, काठी बुडवायला! रोग्याला श्वास देत होतो आणि वर विचारत होतो, बाई, तुला दम का लागत नाही? गावातल्या छोट्या फेऱ्यांत कळलं नाही. टेकडीवर जाताना वाटेत पेट्रोल भरलंस त्या दिवशीही झाकण उघडलं गेलं आणि ती चालली. बाकीच्या दिवशी मात्र टेकडीने उघडं पाडलं." ते स्वतःशीच हसले, पण डोळे हसत नव्हते. "चौतीस वर्षं मी पाण्याच्या टाक्यांवर हवेची नळी आहे की नाही ते तपासलं. पोरांना शिकवलं: हवा आत आल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही. आणि शेवटचा हात कोणाचा, म्हणून सगळ्यांची बोटं हुंगली. वहीत हे झाकण नाहीच. मला ते काम वाटलंच नाही, भेट वाटली."

माणसाला साऱ्या जगाचे हात मळलेले दिसतात. आपला तेवढा तीर्थात धुतलेला वाटतो. पण ते स्वतःच्या तोंडाने, भर रस्त्यात, ज्यांच्यावर आळ घेतला त्यांच्याच समोर बोलून दाखवणारा विरळा.

"टायऱ्या, तुझी नळी नीट होती. चुकलो."

"नळी होती तशी मिशीपण राहिली," टायरवाला म्हणाला, आणि पुढे ज्या शंभर टोमण्यांची त्याने तयारी केली असेल, ते त्याने गिळून टाकले. "चल, पाणी पी."

मग बाबा तिच्याकडे वळले. "आणि तू. तू सांगितलं होतंस, चोक आत असतो. मी ऐकलं नाही. रोग्याशेजारी बसणाऱ्याचं ऐकावं, हे तुझ्या धंद्यातलं मला कळायला हवं होतं. मनावर घेऊ नकोस, बाळ."

सूनबाईने आजवर कितीतरी हुशार माणसं पाहिली होती. मोठमोठे डॉक्टर पाहिले होते, ज्यांनी चूक झाली की केसपेपरवर दुसऱ्याचं नाव शोधलं होतं. आपल्या हातून घडलेला दोष सापडावा म्हणून तो पुन्हा घडवून बघणारा माणूस तिने आज पाहिला. तिने वाकून त्यांच्या मांडीवरचं झाकण उचललं, टाकीवर सैलसं बसवलं आणि म्हणाली, "चला बाबा. घरी गेल्यावर जुनं झाकण शोधायचंय."

जुनं झाकण खोलीतल्या डब्यात होतंच. बाबा काही फेकत नसत. त्यांनी त्याचं भोक सुईने साफ केलं, नवं रबर घातलं आणि संध्याकाळी पुन्हा एकदा, गच्च झाकण लावून, पन्नास मिनिटं तिला चालवायला लावली. मगच वहीत लिहिलं. नवऱ्याने डोकावून वाचलं. 'कारण' या शब्दापुढे एकच शब्द होता: 'मी.'

"एवढं कशाला लिहायचं बाबा? झाकण लिहा की," तो म्हणाला. त्या दिवसानंतर भंगारवाल्याचं नाव त्याने काढलं नाही.

सोमवारी निळी वेळेवर निघाली. टेकडीच्या वळणावर एका शिंप्याचं दुकान होतं. तिन्ही वेळा गाडी तिथेच बंद पडली होती, आणि तिन्ही वेळा त्या भल्या माणसाने सूनबाईला बसायला आतून खुर्ची आणून दिली होती. निळीचा आवाज ऐकून तो आजही सवयीने खुर्ची घेऊन दारात आला. सूनबाईने भोंगा वाजवला, हात हलवला आणि ती तशीच चढाने वर गेली. आरशात तिला दिसलं, की तो गाडीकडे बघत जरा वेळ उभा राहिला आणि मग स्वतःच त्या खुर्चीवर बसला.

सात घरं झाली. म्हाताऱ्याची जखम बोटभर आणखी भरली होती. आजीने बाही वर केली. साडेचारला सूनबाईने शेवटच्या घराच्या अंगणातून मोठ्या सिस्टरांना फोन लावला.

"कुठे अडकलीस?" त्यांनी दचकून विचारलं.

"कुठेच नाही. सातही झाली."

पलीकडे क्षणभर कागद चाळल्याचा आवाज आला. "बरं. मग आठवं लिहून घे. त्याच रस्त्यावर, आणखी पुढे."

तिने पिशवीतून पेन काढलं, निळीच्या बॉनेटवर चिठ्ठी ठेवली आणि पत्ता लिहून घेतला.