साध्या गाडीचा पास

"ती आपली नाही. मागे ये," मास्तर म्हणाले. मावशीचा एक पाय जलद गाडीच्या पायरीवर होता. तो तसाच असताना त्यांनी तिच्या पिशवीचा बंद धरून तिला खाली घेतलं.

"अहो, पण पाटी तर तिथलीच आहे. थेट जाते."

"पाटी काय बघतेस? रंग बघ. ही जलद. आपला पास साध्या गाडीचा."

दारात उभा असलेला तरुण कंडक्टर दोघांकडे बघत होता. "येताय का आजी? जागा आहे."

"नाही," उत्तर मास्तरांनीच दिलं. "द्या तुम्ही डबल."

कंडक्टरनं दोरी दोनदा ओढली, घंटा दोनदा वाजली आणि गाडी धूर सोडत स्टँडबाहेर पडली. सकाळचे साडेसहा वाजले होते. लग्न दुपारी तीनचं होतं. मावशी रिकाम्या फलाटाकडे बघत राहिली.

कंडक्टरला लोक मास्तर म्हणतात, तेच नाव त्यांना जन्मभरासाठी चिकटलं होतं. चौतीस वर्षं नोकरी झाली. निवृत्त होऊन सात वर्षं लोटली, खाकी कपडे ट्रंकेत गेले, पण सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला! घरी चार पाहुणे आले की अजून तोंडातून निघायचं, "चला, आत सरका, दारात गर्दी नको." निवृत्त माणसाला आणि त्याच्या बायकोला खात्यातर्फे वर्षातून दोनदा फुकट प्रवासाचा पास मिळे. तो फक्त साध्या गाडीला चाले आणि त्यावर तारखेचा शिक्का असे. या वेळी शिक्का आजचा आणि उद्याचा होता, म्हणून आदल्या दिवशी निघायचा प्रश्नच आला नाही. धाकटी, म्हणजे मावशीची बहीण, फोनवर म्हणाली होती, "मी मोटार पाठवते." मास्तर म्हणाले, "कशाला? मला खात्यानं पास दिलाय." उभ्या आयुष्यात त्यांनी बसचं तिकीट काढलं नव्हतं. इतरांना मात्र लाखांनी फाडून दिली होती.

मावशीच्या हातात स्वतःचा असा पैसा कधी नव्हता. त्यामुळे कोणती गाडी धरायची हे ठरवायची वेळही तिच्यावर कधी आली नव्हती. मास्तर चढ म्हणाले की चढायचं, उतर म्हणाले की उतरायचं. संसार असाच झाला होता आणि एरवी तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

पण आज ठकीचं लग्न होतं.

ठकी धाकटीची मुलगी. धाकटी एकदा आजारी पडली ती पडलीच, दवाखान्याच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि चार वर्षांची पोर या दोघांकडे आली. ती दहा वर्षांची होईपर्यंत इथंच राहिली. यांना मूलबाळ नव्हतं. ठकीनं मावशी म्हणून हाक मारायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळी गल्लीच तिला मावशी म्हणू लागली. सुट्टीच्या दिवशी मास्तर दोघींना आपल्या गाडीतून फिरवून आणत. ठकीला खिडकीच हवी असे आणि खिडकी मिळाली की दुसऱ्या घंटेच्या आत बाईसाहेब गाढ झोपत. गाडी हादरली की डोकं काचेवर टकटक आपटे. मग मास्तर तिकिटं फाडता फाडता यायचे, आपला पंचा घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवायचे आणि काही न बोलता पुढच्या बाकाकडे जायचे. घंटेची दोरी ओढायची तिला फार हौस होती. तेवढं मात्र त्यांनी कधी करू दिलं नाही. "खात्याची दोरी आहे ती, खेळणं नाही. मास्तरशिवाय कुणी हात लावायचा नाही."

तीच ठकी आज लग्न करून संध्याकाळीच नवऱ्याबरोबर निघणार होती. रात्री विमान. नवऱ्याची नोकरी समुद्रापलीकडे, परत येणं कधी होईल ते त्यालाही सांगता येत नव्हतं. आठ दिवसांपूर्वी ती फोनवर म्हणाली होती, "मावशी, माझी वेणी तूच घालायची. तू आल्याशिवाय मी खोलीबाहेर पडणार नाही, सांगून ठेवते." मावशीनं पिशवीत सगळ्यात खाली तो जाड दातांचा कंगवा ठेवला होता. दोन दात तुटलेला. ते दोन दात ठकीच्याच केसांत तुटले होते.

पहिली साधी गाडी मिळाली आणि नऊच्या सुमारास त्यांना मोठ्या स्टँडवर सोडून गेली. मास्तर खुशीत होते. "आता नऊ चाळीसची. एक वाजता आपण दारात. तू वेणी घाल, मी जेवून घेतो."

नऊ तीसला जलद गाडी लागली. निम्मी रिकामी. मावशी म्हणाली, "अहो..."

"दहा मिनिटांत आपली येते ना! कशाला उगाच?"

जलद गाडी गेली. नऊ चाळीस झाले. दहा झाले. फलाटावर एक बाई केळी खाऊन सालं बाकाखाली टाकत होती. मास्तरांनी तिला कचरापेटी दाखवली. मग फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन आले.

"विचारून बघा ना खिडकीवर," मावशी म्हणाली.

"मला काय विचारायचंय? या गाडीवर मी अकरा वर्षं होतो. उशीर होतोच हिला, वाटेत दुधाचे कॅन चढतात."

सव्वादहाला मास्तरांच्या खिशातला मोबाइल वाजला. मोबाइल कसला, डबडं! मावशीनं तो दोन्ही हातांनी कानाला लावला.

"मावशी, कुठवर आलात?"

"आलोच गं. मोठ्या स्टँडवर आहोत."

"अजून तिथंच? बरं, ये लवकर. ती केस करणारी बाई येऊन बसलीय. मी तिला चहा पाजून बसवून ठेवलंय. म्हटलं, माझी माणसं येताहेत."

"हो गं बाई, आलेच."

फोन ठेवल्यावर मावशी मास्तरांकडे नुसती बघत राहिली. ती भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

अकरा वाजता मास्तर चौकशीच्या खिडकीशी गेले. मावशी दोन पावलं मागे उभी होती, त्यामुळे तिला सगळं ऐकू आलं.

"नऊ चाळीसची का नाही लागली अजून?"

आतल्या माणसानं मान वर केली नाही. "कोणती नऊ चाळीसची?"

"दुधाची गाडी. साधी."

"ती बंद होऊन दोन वर्षं झाली काका. साधी आता एकदम दीडला."

मास्तर खिडकीचा गज धरून उभेच राहिले. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "झालं असेल तर सरका ना पुढे." आणि मास्तर सरकले.

बाकावर येऊन ते टेकले. मग म्हणाले, "बंद कशी केली? भरून जायची ती."

"दीडची किती वाजता पोचेल?"

"पाच."

मावशीनं पिशवी मांडीवर घेतली. सात वर्षं हा माणूस डोक्यातलं जुनं वेळापत्रक घेऊन फिरत होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही. तिला राग आला होता आणि त्याच वेळी त्याची कीवही येत होती. या दोन्हींचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

बाराला पुढची जलद गाडी आली. मास्तर उठले. सदऱ्याच्या आतल्या खिशाला लावलेली पिन त्यांनी काढली, पिन ओठांत धरून पैसे बाहेर घेतले आणि दाराशी गेले. दारातला कंडक्टर त्यांच्या निम्म्या वयाचा होता.

"दोन द्या," मास्तर म्हणाले. ते दोन शब्द उच्चारताना त्यांचा आवाज असा झाला की मावशीनं नजर दुसरीकडे वळवली.

"जागा नाही काका. सगळं आरक्षण आहे."

"उभे राहतो आम्ही."

"जलदला उभे घेत नाहीत."

"लग्न आहे हो. आमच्या..." मास्तर अडखळले. ठकी आपली कोण, हे एका शब्दात त्यांना सांगता येईना. "मुलीचंच आहे. मी खात्यातलाच माणूस आहे. चौतीस वर्षं."

कंडक्टरला वाईट वाटलं असावं. तो हळू आवाजात म्हणाला, "मग तर तुम्हाला माहीतच आहे. पुढे तपासणी आहे. माझी नोकरी जाईल."

मास्तरांना माहीत होतं. बाळंतीण बाईला, हातात सलाईनची बाटली धरलेल्या माणसाला, कुणाकुणाला त्यांनी याच शब्दांत खाली ठेवलं होतं. नियम म्हणजे नियम. त्यांनी मान हलवली, दोन पावलं मागे आले आणि दार नीट लागलं की नाही ते बघून हातानं पत्र्यावर थाप मारली.

"यानंतरची थेट संध्याकाळी," ते येऊन म्हणाले. पिन अजून ओठांतच होती.

"मोटारवाला कुणी बघा ना."

"बघितला. सकाळीच बघून आलो, तू बाकावर होतीस तेव्हा. तेवढे नाहीत आपल्याजवळ."

म्हणजे फलाटाच्या टोकापर्यंतची ती फेरी त्यासाठी होती.

साडेबाराला धाकटीचा फोन आला. "ताई, खरं सांग, कुठे आहात? ही ऐकतच नाहीये. केस मोकळे सोडून बसलीय नुसती. तिकडची माणसं चुळबूळ करायला लागलीत."

मावशीनं मोबाइल दुसऱ्या कानाला नेला. "तिला सांग, त्या बाईकडून करून घे म्हणावं. आम्हाला उशीर होईल."

"किती उशीर?"

"पाच वाजतील गं."

मग धाकटी म्हणाली, "साडेचारला निघणार आहेत गं ते. थांबायला सांगितलं असतं, पण विमान..." तेवढ्यात मोबाइलनं एक बारीक आवाज केला आणि डोळे मिटले. मास्तरांनी तो तळहातावर आपटून पाहिला, छातीशी धरून गरम केला. उपयोग झाला नाही.

दीडची साधी गाडी दीडला सुटली. खिडकीजवळच्या जागेवर मास्तरांनी मावशीला बसवलं. खिडकीची चौकट गंजून काच तिथल्या तिथे घट्ट बसली होती, ती सरकेना. गाडी प्रत्येक झाडाखाली थांबत होती. कोंबड्यांची टोपली चढली, पत्र्याची पेटी उतरली. एक म्हातारा चढताना चार पायऱ्यांवर चार वेळा विसावला. मास्तर, ज्यांनी आयुष्यभर असल्या म्हाताऱ्यांना हात दिला, ते आज समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरून बसले होते. तीन वाजले तेव्हा गाडी एका टपरीसमोर उभी होती आणि ड्रायव्हर चहा पीत होता.

"झालं असेल आता," मावशी म्हणाली.

मास्तरांनी घड्याळाची काच पंच्यानं पुसली.

"मी तिला म्हटलं होतं हो, येते म्हणून."

"माझं चुकलं," मास्तर म्हणाले. सदतीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदा ऐकलं. एरवी ते ऐकायला मिळालं असतं तर तिनं महिनाभर मिरवलं असतं. आज तिला ते नको होतं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना गाडी गावाबाहेरच्या अरुंद पुलाशी आली. एका वेळी एकच वाहन जाईल एवढाच तो पूल. समोरून एक मोठी बस पुलावर चढली होती, म्हणून यांची गाडी अलीकडे कडेला उभी राहिली. मोठी बस नवी होती, काचा बंद असलेली. पुढच्या काचेवर फुलांची माळ होती.

मावशीला आधी माळ दिसली. मग बस पूल उतरून अगदी शेजारून सरकू लागली, हात बाहेर काढला असता तर लागला असता इतक्या जवळून. एकेक खिडकी समोरून जात होती. अनोळखी माणसं, कुणाच्या मांडीवर डबे, कुणी पेंगलेलं. आणि चौथ्या खिडकीत ठकी.

ती झोपली होती. कपाळ काचेला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. केस कुणीतरी सुरेख बांधले होते.

"ठके!" मावशीनं काचेवर दोन्ही हात आपटले. काच हलली नाही. "ठके, अगं ए ठके!" दोन्ही गाड्यांची इंजिनं गुरगुरत होती. बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

मास्तर ताडकन उठले. त्यांनी छतालगतची दोरी पकडली आणि ओढली. एकदाच. एक घंटा म्हणजे गाडी थांबवा. चौतीस वर्षं त्या एका घंटेवर गाड्या थांबल्या होत्या. घंटा खणखणीत वाजली, पण वाजली ती यांच्याच गाडीत, आणि ही गाडी तर उभीच होती. त्यांनी पुन्हा एकदा ओढली. माळ घातलेली बस वळणावर गेली.

"ओ काका!" कंडक्टर मागून ओरडला. "दोरीला हात नाही लावायचा!"

"हो," मास्तर म्हणाले. "चुकलं." त्यांनी दोरी सोडली. ती थोडा वेळ डोक्यावर झुलत राहिली.

ते खाली बसले. गाडी अजून निघाली नव्हती. खांद्यावरचा पंचा त्यांनी काढून मांडीवर घेतला आणि उगाचच त्याची एक घडी घातली, मग दुसरी.

"डोकं आपटत होतं हो तिचं काचेवर," मावशी म्हणाली. "कुणी काही ठेवलं नव्हतं."

कंडक्टरनं दोनदा घंटा दिली. गाडी पुलावर चढली.