आबांचा राजीनामा

माझ्या सासऱ्यांना अख्खं राज्य बदलायचं होतं, आणि मला साधी बदलीसुद्धा नकोशी वाटते. सुभेदाराची बायको म्हणून बारा गावचं पाणी प्यायले, आता कुठे जयपूरच्या मिलिटरी क्वार्टरमध्ये जरा बूड टेकलंय. इथं शेजारीण पंजाबची, दूधवाला सीकरचा, वरच्या मजल्यावरची केरळची. कोण कुठल्या राज्याचं याचं कुणाला सोयरसुतक नाही. आणि तिकडं सांगली जिल्ह्याच्या टोकाला, आमच्या माळवाडगीत, त्याच एका गोष्टीवरून माणसं एकमेकांच्या उरावर बसली होती.

गाव अगदी हद्दीवरचं. ओढ्याच्या पलीकडे कर्नाटक, तिथं कालव्याला पाणी. अलीकडे आम्ही, टँकरची वाट बघत. माझे सासरे हरिभाऊ तिथले सरपंच, अख्ख्या गावाचे आबा. वय सत्तरीच्या पुढं, कान जरा जड आणि हट्ट त्याहून जड. त्यांनी ग्रामसभेत ठराव करून टाकला की पाणी देता येत नसेल तर आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या. आजूबाजूच्या गावांनीही री ओढली. टीव्हीवाले आले, मुलाखती झाल्या.

मी फोनवर म्हटलं, "मामंजी, या वयात सासर बदलताय होय?"

ते खो खो हसले. "पानी देईल त्ये सासर, मालन."

मग हसणं संपलं. कुठल्याशा संघटनेची पोरं गाड्या भरून आली आणि आमच्या भिंतीवर 'गद्दार' लिहून गेली. तोंडाला काळं फासणार म्हणाली. काळं फासलेलं धुता तरी येतं हो. पण शेजारच्या गावात ठरावाला हात वर करणाऱ्या एका सदस्याचा त्यांनी पाय मोडला, तोही बायकोपोरांच्या देखत. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. सासूबाई गेल्यापासून मामंजी घरात एकटेच. सरपंच म्हणून त्यांच्या दारात एक पोलीस बसवला होता, तेवढाच काय तो आधार. पुतण्या जनार्दन येऊनजाऊन असायचा, पण तोही घाबरलेला. "दादा येईस्तोवर कसंबी रेटतो वयनी," म्हणायचा.

दादा म्हणजे आमचे हे, सर्जेराव. त्यांची रजा मंजूर झाली होती, तिकीट काढलं होतं. आबांना गोडीनं, नाहीतर उचलून, पण जयपूरला आणायचंच असं ठरलं होतं. मी त्यांच्यासाठी खोलीसुद्धा आवरून ठेवली.

निघायच्या दिवशी सकाळी वैष्णवीच्या मोबाईलवर जनार्दनचा मेसेज आला. वैष्णवी आमची लेक, इथंच कॉलेजात शिकते. छावण्यांमधल्या शाळांत वाढली, त्यामुळे मराठी बोलते ती निम्मी हिंदीच. मी कणीक मळत होते. ती नाचतच स्वयंपाकघरात आली.

"आई, टेन्शन खतम! आबांचं मिटलं. मतलब, समझौता झाला. काकाचा मेसेज आलाय."

"खरं सांगतेस?"

"खोटं कशाला बोलू?"

कणकेच्या हातांनीच मी देवाला नमस्कार केला. मेसेज स्वतः वाचावा असं मनातही आलं नाही. शिकलेली पोरगी वाचून सांगतेय म्हटल्यावर कशाला बघायचं? लगोलग यांना युनिटमध्ये फोन लावला. "मिटलं ना? बरं झालं. मग रजा दिवाळीला ठेवतो, हितं मानसं कमीच हायत," ते म्हणाले. दुपारी ते फायरिंगच्या रेंजवर गेले. तिथं मोबाईल नेत नाहीत.

हे येत नाहीत असं गावी कळवावं म्हणून मी फोन करत राहिले. पण आमच्या गावाला मोबाईलचा टॉवरही पलीकडचाच. दरवेळी एक बाई कानडीत काहीतरी सांगायची आणि गप्प व्हायची; जनार्दनला टाकलेला मेसेजही पोचेना. मी म्हटलं, राहू दे, आता कसली घाई आहे.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला एकदाचा फोन लागला.

"मामंजी, सुटलात ना त्रासातनं?"

"व्हय. दिला राजीनामा," ते म्हणाले. "तालुक्याचा सायेब म्हनला, ठराव मागं घ्या. दिल्याला शब्द मागं घ्यू व्हय? खुर्चीच सोडली म्या."

मला काही उमगेना. "राजीनामा? आणि तो समझौता?"

"कसला समझोता? जनानं कळिवलं की तवाच."

"मग दारातला पोलीस कुठाय?"

"गेला. सरपंचाला पोलीस हुता. नुसत्या हरिभाऊला कोन देतंय?"

मी वैष्णवीच्या हातातला मोबाईल ओढला आणि तो मेसेज वाचला. 'आबांनी राजीनामा दिला. दादाला सांग.' एवढंच होतं त्यात.

"हा समझौता?" मी ओरडले.

ती पांढरीफटक पडली. "राजीनामा मतलब समझौताच ना, आई? सीकर रोडवर माझ्या मैत्रिणीच्या स्कूटीला टक्कर झाली, तेव्हा पोलीस थाण्यात दोन्ही पार्टीचा राजीनामा लिहून घेतला होता. केस तिथंच मिटली."

तिला तरी काय बोलू? इथं भांडण मिटलं की राजीनामा होतो, आणि आमच्याकडं खुर्ची सोडली की. पोरीला आईची भाषा शिकवायला मला कधी सवड झाली नाही.

"सर्जा कुठवर आला गं?" मामंजी विचारत होते. "जना गाडी घिऊन गेलाय स्टँडवर, त्येला आनायला. म्या अजून दिवाबी लावला न्हाई. म्हटलं, उगं कुनाच्या डोळ्यावर नगं."

अंधारात एकटा म्हातारा लेकाची वाट बघत बसलाय, त्याला कुठल्या तोंडानं सांगू?

"मामंजी, दाराला कडी लावलीय ना?"

"लावलीया की. का गं?"

तेवढ्यात वैष्णवीचा मोबाईल वाजला. जनार्दन होता. तिनं स्पीकर चालू केला.

"वैष्णवी, अगं दादा उतरलाच न्हाई. शेवटची यष्टीबी रिकामी झाली. मी अजून स्टँडवरच हाय. कुठं ऱ्हायला त्यो?"

"काका, घरी जा! आबा अकेले आहेत, लवकर जा!" वैष्णवी रडत ओरडली.

आणि माझ्या कानाशी, तिकडं माळवाडगीत, दार वाजलं.

"आलं बघ," मामंजी म्हणाले. आवाजात एकदम जीव आला होता. "जना आन् सर्जा आलं."

"मामंजी, ते नाहीत! दार उघडू नका! हे निघालेच नाहीत इथनं, जना स्टँडवर आहे! ऐकताय का?"

"आँ? थांब जरा, त्येच्याशीच बोल."

फोन खाटेवर ठेवल्याचा आवाज आला. मी नुसती किंचाळत होते. शेजारीण धावत आली, काय झालं काय झालं विचारायला लागली. तिला हातानंच गप्प केलं. काठी टेकत टेकत मामंजी दाराकडे गेले. कडी निघाली.

"ये रं सर्जा," ते म्हणाले. "किती वाट बघायची?"

बरेच पाय घरात आले. बूट होते, कुणी काढले नाहीत. आबा म्हणून त्यांना कुणीच हाक मारली नाही.