उजवा डोळा

आईच्या मयताच्या प्रार्थनेत आपला नवरा चक्क घोरला, हे तेक्ला विसरायला तयार नव्हती. पाद्री स्वर्गाबद्दल बोलत होता, मागच्या बाकांवर बायका हुंदके देत होत्या, आणि पहिल्याच बाकावरून ओरेस्तेची घरघर सुरू झाली. सकाळचे अकरा वाजलेले. तिने कोपराने ढोसलं, पायावर पाय दिला, पण गडी ढिम्म हलला नाही. आणि जखमेवर मीठ म्हणजे, अडीच आठवड्यांनी भाच्याच्या बाप्तिस्म्याला हाच माणूस दिवसभर अकॉर्डियन वाजवत बसला, अगदी टवटवीत! दुखवट्याला झोप आणि जेवणावळीला जाग, असा कुठला आजार असतो?

दोघंही जन्मांध. अंधशाळेत भेटली, भांडली, लग्न करून इटलीतल्या अँकोना शहरात राहिली. टेलिफोन ऑपरेटरची खुर्ची कायद्यानेच आंधळ्यांसाठी राखलेली, त्यामुळे तेक्ला कोर्टात लागली आणि ओरेस्ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत. वीस वर्षं तो आठच्या ठोक्याला बोर्डावर असायचा. गेल्या दोन वर्षांत मात्र लोक पाणी नाही म्हणून फोन करायचे आणि पलीकडून त्यांना घोरणं ऐकू यायचं. साहेबाला वाटलं, पितो. तेक्लाला माहीत होतं की पीत नाही, म्हणून तिने त्याला आळशी ठरवलं आणि तसं रोज तोंडावर सांगितलं. आता कचेरीचं पत्र आलं होतं. आठ दिवसांत आजाराचा दाखला आणा, नाहीतर घरी बसा.

महिनाभर झोपेच्या डॉक्टरबाईंनी त्याची लाळ तपासली होती आणि मनगटाला झोप मोजणारा पट्टा बांधून ठेवला होता. आज निकाल. तेक्ला मुद्दाम सोबत आली होती.

“आधीच सांगते बाई, माझा नवरा आजारी नाहीये,” खुर्चीला हात लागायच्या आत ती म्हणाली. “आळशी आहे.”

“बघा डॉक्टरबाई,” ओरेस्ते म्हणाला, “वकील मी घरूनच आणलाय. फक्त समोरच्या पक्षाचा.”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. “तेक्लाबाई, तुमच्या नवऱ्याच्या शरीराचा दिवस चोवीस तासांचा नाही. चोवीस तास चाळीस मिनिटांचा आहे. रोज तो चाळीस मिनिटं मागे पडतो. अठरा दिवसांत त्यांची रात्र भर दुपारी येते. आणखी अठरा दिवसांनी पुन्हा सगळं जागेवर. तुमच्या आईच्या मयताला त्यांच्या अंगात मध्यरात्र होती हो. माणूस मध्यरात्री झोपतो.”

तेक्लाने बोटांवर मोजलं. मयत ते बाप्तिस्मा, अठरा दिवस. तिने पुन्हा मोजलं, तरी अठराच. दोन वर्षं आपण या माणसाला काय काय बोललो! ऐतखाऊ म्हणालो. मुलीसमोर म्हणालो.

“पण मग मीही आंधळीच आहे ना?” तिचा आवाज चढला, कारण घाबरली की तो चढायचाच. “मी दहाला झोपते, सहाला उठते. गजरसुद्धा लागत नाही.”

“तुमचे डोळे तुमचे स्वतःचे आहेत?”

“आहेत, पण मेलेले. चोळून चोळून आत गेलेत, नुसते गळतात. मंगळवारी काढून टाकणार आहेत. जूनमध्ये आमच्या मुलीचं, नीव्हेसचं लग्न आहे, फोटो निघायचेत. याच्यासारखे काचेचे बसवले की बरे दिसतात म्हणे.”

टेबलावर पेन ठेवल्याचा आवाज झाला. मग डॉक्टरबाईंचा हात तिच्या हनुवटीखाली आला आणि गालाला दिव्याची ऊब लागली.

“काही दिसलं?”

“नाही.”

“उजेड? अंधार?”

“जन्मात नाही.”

डॉक्टरबाईंनी ती ऊब दूर नेली, पुन्हा जवळ आणली. मग म्हणाल्या, “तुमची बाहुली आक्रसली, तेक्लाबाई.”

“म्हणजे?”

“तुम्हाला दिसत नाही, पण तुमच्या डोळ्याला उजेड कळतो. आत थोड्या पेशी असतात, त्यांचं बघण्याशी काही देणंघेणं नसतं. त्या फक्त मेंदूला कळवतात, उजाडलं म्हणून. तुमच्या त्या जिवंत आहेत, म्हणूनच तुम्ही सहाला उठता. मंगळवारी डोळे काढले असतेत तर उन्हाळा सरायच्या आत तुम्हीही बोर्डावर घोरला असतात.”

तेक्लाचे दोन्ही हात आपोआप डोळ्यांवर गेले, कुणी आत्ताच ओरबाडून नेईल असे. एकोणपन्नास वर्षं तिने या डोळ्यांना शिव्या घातल्या होत्या. आणि हे बिचारे रोज सकाळी मुकाट्याने कामावर हजर! मग तिला दुसरी गोष्ट सुचली.

“ओरेस्तेचेही चालू होते?”

“बहुधा. दोन वर्षांपूर्वी काढले आणि तेव्हापासूनच झोप घसरली. एक जरी राहिला असता तरी भागलं असतं.” कागद सरकले. “ओरेस्ते, दोन्ही दुखत होते का?”

“हो, दोन्ही,” ओरेस्ते पटकन म्हणाला. “जीव नकोसा झाला होता.”

“मग इलाजच नव्हता. दाखला देते मी. रोज ठरल्या वेळी एक गोळी घ्यायची. काहींना लागू पडते, काहींना नाही. बघू.”

प्रकरण इथे मिटलं होतं. तेक्लाने नुसतं गप्प राहायचं होतं, आणि ती गप्प राहिलीही, दाखल्यावर शिक्का बसेपर्यंत. पण डावा डोळाच दुखत होता. उजव्याने कधी कुरकुर केली नव्हती. सर्जनने विचारलं तेव्हा ओरेस्ते म्हणाला होता, उजवा राहू दे, त्याने काय बिघडवलंय. आणि ती म्हणाली होती, एक काचेचा आणि एक खोबणीत गेलेला, नीव्हेसच्या पदवीच्या फोटोत कसं दिसेल? आलोच आहोत तर दोन्ही उरकून टाका. जन्मभर नुसता बसून खातोय मेला!

“खोटं बोलतोय तो,” तिने सांगून टाकलं.

“तेक्ला, गप गं.”

“डावाच दुखायचा बाई. उजवा चांगला होता. तो मी काढायला लावला. फोटोसाठी.” तिला हुंदका आवरेना. “मीच याची झोप खाल्ली आणि वर यालाच शिव्या घातल्या.”

ओरेस्तेचा हात चाचपडत तिच्या तोंडापर्यंत आला आणि ओल्या पापण्यांवर थांबला. आधी एका, मग दुसऱ्या.

“आधी फोन लाव आणि मंगळवारचं रद्द कर,” तो म्हणाला. “मग रड घरी जाऊन हवं तेवढी. सध्या मी रात्रभर जागाच असतो.”