गठ्ठ्यातले वीस ताव

हॉस्पिटलचा कारकून खुर्चीवर बसून उत्तराची वाट बघत होता. त्याला दोन दस्त्यांची जाड रजिस्टरं हवी होती, सव्वाशे, तीही तीन दिवसांत. एक जरी कमी पडलं तरी तो सगळं काम दुसरीकडे देणार होता, आणि तसं त्याने चहा पिता पिता गोड शब्दांत सांगूनही टाकलं होतं.

बाइंडिंगचा कारखाना चालवायला घेऊन सूनबाईंना जेमतेम वर्ष झालं होतं. हे काम हातचं गेलं तर उद्यापासून शटर उघडायचं नाही, असं सासऱ्यांनी सकाळीच बजावलं होतं. सासऱ्यांचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

कोपऱ्यात रजिस्टरांना लागणाऱ्या आखीव कागदाचे बारा गठ्ठे होते. गिरणीतून नवा माल यायला पंधरा दिवस तरी लागणार होते.

"एका गठ्ठ्यात वीस दस्ते," सासरे बोटांवर मोजत म्हणाले. "बारा गठ्ठ्यांचे दोनशे चाळीस. म्हणजे रजिस्टरं एकशे वीस. पाच कमी पडतात. साहेबांना नाही म्हणून सांग आणि मोकळी हो."

सूनबाईंनी दोनदा हिशोब केला. दोन्ही वेळा एकशे वीसच आले. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात शिलाईच्या पाटावरून मावशींनी सुई थांबवली. तीस वर्षं त्या इथे कागद मोजत आणि शिवत होत्या, आणि कामाशिवाय तोंड उघडायची त्यांना सवय नव्हती.

"मालक, एक कोडं घालू? दस्ता किती तावांचा?"

"चोवीस. हे काय विचारणं झालं?"

"आणि गठ्ठ्यावर काय छापलंय?"

सासऱ्यांनी चष्मा वर सरकवला. "पाचशे ताव."

"मग पाचशेत चोवीस किती वेळा?"

"वीस वेळा," सासरे सवयीने म्हणाले आणि थबकले.

"वीस वेळा, आणि वर वीस ताव," सूनबाई हळूच म्हणाल्या. या कारखान्यात गठ्ठा फोडायचा, वीस दस्ते काढायचे आणि उरलेले ताव खळ पुसायला ठेवायचे, अशीच रीत होती. कुणी ते कधी मोजलेच नव्हते. बारा गठ्ठ्यांचे दोनशे चाळीस ताव म्हणजे दहा दस्ते, म्हणजे पाच रजिस्टरं. सव्वाशे बरोबर भरत होती. सूनबाईंना मावशींच्या पाया पडावंसं वाटलं.

"पण एकही ताव वाया जायला नको," मावशी म्हणाल्या. "एक फाटला तरी एक रजिस्टर गेलं."

सूनबाईंनी कारकुनाला हो म्हटलं.

पुढचे तीन दिवस त्यांनी मावशींचे हात पाहिले. कागदाचा पंखा उघडावा तसे ताव पसरायचे, चार-चार करत सहा वेळा बोट फिरायचं आणि दस्ता तयार. खळीचा डाग नाही, दुमड नाही, सुईचं वाकडं भोक नाही. दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी हौसेने सुई हातात घेतली, पण एकही ताव वाया जायला नको हे आठवलं तशी मुकाट्याने परत दिली. या बाईला आपण वर्षभर नुसती शिवणारी समजत होतो, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी दुपारी एकशे चोवीस रजिस्टरांची थप्पी लागली. टेबलावर शेवटचे ताव होते. मावशींनी पहिला दस्ता मोजून बाजूला ठेवला आणि दुसऱ्याला बोट लावलं. सासरे त्यांच्या मागे येऊन उभे राहिले होते आणि ओठांतल्या ओठांत स्वतःही मोजत होते. चार, आठ, बारा, सोळा, वीस, चोवीस. टेबल रिकामं झालं.

मावशींनी शेवटची गाठ मारली, दोरा तोडला आणि रजिस्टर सूनबाईंच्या हातात दिलं.

सासरे म्हणाले, "मावशी, उद्या किती वाजता येणार?"

"शटर उघडणार असेल तर नेहमीच्या वेळेला."

सासऱ्यांनी खिशातून किल्ल्या काढल्या आणि सूनबाईंच्या हातातल्या रजिस्टरावर ठेवल्या.