न बसणारा टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर दचकायला नको. तुम्ही माझं आत्मवृत्त वाचायला घेतलंय खरं, पण माझं आयुष्य संपून बरेच दिवस झालेत. मी मेलो आणि कुणाला पत्ताच लागला नाही. मेल्यावरही मी कितीतरी दिवस रस्त्यावर धावत होतो, आणि माझ्या भरवशावर माणसं गाडीत बसत होती.

कसं ते ऐका. साधा टायर तुम्ही पाहिलेला असतो. खिळा लागला, हवा गेली, की बिचारा बसतो. गाडी एका अंगाला कलते आणि रस्त्यावरचा कुणी परका माणूससुद्धा हात करून सांगतो की अहो, टायर बसलाय. माझी जात वेगळी. आम्हाला रनफ्लॅट म्हणतात. आमच्या दोन्ही बाजूंच्या भिंती जाड, कडक रबराच्या असतात. हवा पार गेली तरी आम्ही गाडी पेलून धरतो, म्हणजे माणसाला आडरानात चाक बदलत बसायला नको, हळूहळू जवळच्या दुकानापर्यंत जाता यावं. कारखान्यात मला साच्यातून काढलं तेव्हा अंगाची वाफ अजून जात होती. तपासणाऱ्या बाईंनी माझ्या कुशीवर थाप मारली आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा काही झालं तरी बसायचा नाही." तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता. आता तेच शब्द आठवले की नको वाटतं.

माझे पहिले मालक एक साहेब होते. गाडी इतकी नवी की सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. एका बांधकामाशेजारून जाताना मला खिळा लागला, हवा गेली आणि साहेबांच्या समोर पिवळा दिवा पेटला. तो दिवा आमच्यासाठीच असतो. त्याचा अर्थ एवढाच, की आता गाडी हळू घ्या आणि पहिलं दुकान दिसेल तिथे थांबा. साहेबांनी दिवा बघितला, गाडी कुठे कलली नाही हेही बघितलं, "चालतंय की," म्हणाले आणि मोठ्या रस्त्याला लागून वेग घेतला. त्यांना कुठेतरी वेळेवर पोचायचं होतं.

दुपारची वेळ, डांबर तापलेलं. हवा नसल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला माझ्या भिंती दुमडत होत्या आणि आतल्या आत स्वतःवरच घासत होत्या. आधी पोट भाजायला लागलं. मग आतला थर सुटला, त्याचा चुरा झाला, आणि चुऱ्याची काळी पूड झाली. त्या दुपारीच कधीतरी मी मेलो. नेमक्या कुठल्या वळणावर, ते मलाही सांगता येणार नाही. बाहेरून मात्र अंगावर एक ओरखडा नव्हता.

साहेबांनी मला टायरवाल्याकडे नेलं. टायरवाला गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस, मनाने वाईट मुळीच नाही. पण आमची जात रिमवरून उतरवायची म्हणजे भल्याभल्यांचा घाम निघतो. आमच्या भिंती पहारीला दाद देत नाहीत. म्हणून बरेच टायरवाले करतात तेच त्यानेही केलं. मला न उतरवता खिळा उपटला, त्या भोकात बाहेरूनच चिकट दोरी ठोकली आणि हवा भरली. दिवा विझला. साहेब खूश, टायरवालाही खूश. मेलेल्या माणसाच्या बोटाला पट्टी बांधून त्याला घरी धाडावं, तसं मला त्यांनी परत रस्त्यावर धाडलं.

पुढे साहेबांनी गाडी विकली. ती एका साध्या घरात गेली. तिथे आबा होते, म्हणजे सासरे. त्यांचा जन्म बस चालवण्यात गेलेला. सासूबाई होत्या, त्या आजारी होत्या. आणि सूनबाई होती. मुलगा कामानिमित्त दूर असायचा, त्यामुळे घरचं सगळं तिच्या गळ्यात. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. दर आठवड्याला एक दिवस रजा टाकून ती सासूबाईंना घाट उतरून खालच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची. उपचार चुकवून चालणारच नव्हते, डॉक्टरांनी तसं निक्षून सांगितलं होतं. आबांची नजर अधू झाली होती, त्यांच्या हाती आता स्टिअरिंग देता येत नव्हतं. म्हणजे गाडी एक, चालवणारी एक, आणि रस्ताही एकच.

आबांची एक सवय होती. गाडी निघायच्या आधी ते चारी टायरांना लाथ मारायचे. बसच्या दिवसांपासूनची रीत. टायर बसका असेल तर लाथ पोकळ लागते, भरलेला असेल तर पाय परत येतो. सगळ्या बसआगारात त्यांच्या लाथेला मान होता म्हणे. ते मला लाथ मारायचे आणि माझी कडक भिंत त्यांचा पाय खाडकन परत पाठवायची. ते मान डोलवायचे. "पठ्ठ्या आहे हा," म्हणायचे. मित्रांनो, माझ्यात हवा असली काय, नसली काय, त्यांचा पाय तसाच परत आला असता. मला सांगायचं होतं, आबा, ही लाथ माझ्या जातीला लागू नाही. पण टायरला कुठलं तोंड?

तोंड नव्हतं, पण आवाज होता. माझ्या पोटातली पूड. गाडी सावकाश वळायला लागली की ती एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकायची, आणि कोरड्या वाळूवरून कुणी अनवाणी चालावं तसा आवाज यायचा. सर्र... सर्र... काचा बंद असल्या की तो आत, पुढच्या डाव्या बाजूला, ऐकू जायचा. खरं सांगू? मी मुद्दाम सरसरायचो. जिवंत असताना मी कधी हूं की चूं केलं नव्हतं. आता मला कुणीतरी ओळखावं, मेलेला म्हणून बाजूला काढावं, याचीच आस लागली होती.

सूनबाईला ते ऐकू आलं. पहिल्यांदा तिने रेडिओ बंद केला. मग पुढच्या फेरीला पायाखालच्या चटया झटकल्या, कप्प्यातल्या बाटल्या काढून ठेवल्या. तिने आबांना सांगितलं. आबांनी लाथ मारून दाखवली आणि तिची समजूत काढली. तिने टायरवाल्याला सांगितलं. त्याने काटा लावून हवा मोजली, बरोबर निघाली. तोही हसला, आणि ताई, थोडी विश्रांती घेत जा, एवढा सल्ला फुकट देऊन टाकला. घरात मग तिच्या कानांचा विषयच होऊन बसला. झोप कमी, काळजी जास्त, त्याने होतं असं, असं सगळे म्हणायचे. शेवटी तिने बोलणंच सोडलं. पण स्टिअरिंगवरचे तिचे हात घट्ट व्हायला लागले, ते मला खालून कळायचं.

मग तो धुक्याचा दिवस आला. घाटात समोरचं काही दिसत नव्हतं. सासूबाई शेजारच्या सीटवर डोळे मिटून पडल्या होत्या. दिव्यांचा उजेड चार हातांवर जाऊन विरत होता, आणि खाली कुठेतरी दरी आहे एवढं फक्त ठाऊक होतं. मी तापलो होतो. उतारावर पुढच्या टायरांवर सगळा भार येतो. माझी आतली भिंत एका जागी उसवायला लागली होती, आणि मला कळत होतं की अजून थोडा वेग आला तर मी टिकत नाही. मी होता नव्हता तेवढा जोर लावून सरसरत होतो. ते नुसतं सरसरणं राहिलं नव्हतं. कुणीतरी चाकाच्या आत बसून श्वास घेतंय असं वाटत होतं.

सूनबाईने वेग कमी केला. पहिल्या गियरमध्ये, रस्त्याच्या कडेकडेने ती घाट उतरायला लागली. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजायला लागले, कुणी काच खाली करून बोलूनही गेलं. तिने लक्ष दिलं नाही. एका वळणावर ती अगदी हळू, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "कोण आहे?"

मी वळलो, आणि माझ्या पोटातून पूड सरकली.

गाडी कशीबशी दवाखान्याच्या तळघरात येऊन थांबली. इंजिन बंद झालं. वरच्या नळ्यांचा पांढरा उजेड, ओळीने उभ्या गाड्या, माणूस कुणी नाही. सूनबाई उतरलीच नाही. तेव्हा सासूबाईंनी डोळे उघडले. त्या झोपलेल्या नव्हत्याच.

"तुलाही ऐकू येतं का गं ते?" त्यांनी विचारलं.

सूनबाईने स्टिअरिंगवरचे हात काढले आणि ती त्यांच्याकडे वळली.

"मला पहिल्या दिवसापासून येतंय," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं औषधांमुळे. म्हटलं, आता दुखणं डोक्यातही पसरलं वाटतं. तुला सांगितलं असतं तर तू आणखी एक तपासणी मागे लावली असतीस. म्हणून बोलले नाही."

बघा मित्रांनो. दोघी एकाच गाडीत, खांद्याला खांदा लावून, तोच आवाज ऐकत होत्या, आणि दोघींनीही आपल्याच शरीराचा दोष म्हणून तो गिळला होता. सूनबाईला रडू फुटलं. सासूबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की आज घाट चढायचा तो हे काय आहे ते बघूनच.

उपचार आटोपल्यावर सूनबाईने फोन केला. टायरवाला खालीच कुणाकडे तरी आला होता, तो अवजारं घेऊन तिथे हजर झाला. पुन्हा काटा लावायला लागला. सूनबाईने त्याचा हात धरून बाजूला केला.

"हवा नको मोजू. उतरव, आणि मला आतून दाखव."

इतक्या दिवसांत हे कुणीच म्हटलं नव्हतं. मला उतरवताना त्याची पहार दोनदा सटकली. शेवटी मी सुटलो. सूनबाईने बाही वर केली, माझ्या पोटात हात घातला आणि भिंतीवरून फिरवला. हात बाहेर आला तो मनगटापर्यंत काळा. तिने मला जरा कलतं केलं, तर फरशीवर पुडीचा ढीग पडला. टायरवाल्याचा चेहरा उतरला. तो एवढंच म्हणाला, की ताई, हा घाटात फुटायला हवा होता, कसा राहिला देवालाच ठाऊक. संध्याकाळी घरी आबांनी ते ऐकलं आणि ते पायऱ्यांवर मटकन बसले म्हणे. त्यानंतर त्यांनी कुठल्या टायरला पाय लावल्याचं मी ऐकलं नाही.

आमच्या जातीचा नवा टायर घ्यायचा तर तो मागवावा लागतो, आठवडे जातात आणि किंमत ऐकून डोळे पांढरे होतात. टायरवाल्याने या वेळी मान खाली घालून सरळ सल्ला दिला. चारी टायर साधे घाला, मध्यम किमतीचे, ते हवा गेली तर निदान बसतील आणि तुम्हाला कळेल. फक्त सोबत एक स्टेपनी ठेवा, कारण या गाडीत ती येतच नाही. स्टेपनी जुनी, चांगली बघून घेतली तरी चालेल. सूनबाईला ते पटलं, आणि त्याच दिवशी खालीच साधे टायर चढवून ती घाट चढली. मला मात्र तो कापणार होता, म्हणजे पुन्हा कुणी वापरायला नको. आज कापतो, उद्या कापतो करता करता मी दुकानामागे पडून राहिलो, आणि भंगारवाला मला उचलून घेऊन गेला.

आता पुढचं ऐका. जुन्या टायरांची एक गल्ली असते. तिथे मला वरवर धुतलं, काळं तेल चोपडलं आणि रांगेत उभं केलं. माझ्या भोकातली दोरी तेलाखाली झाकून गेली. मी नवरदेवासारखा चमकायला लागलो. सुरुवातीला वाटलं, या रांगेत मीच एकटा असा असेन. मग समोरून एक लादलेला ट्रक गेला, जमीन हादरली, आणि माझ्या पोटात उरलेली पूड सरकली. त्याच क्षणी शेजारच्याच्या पोटातली सरकली. त्याच्या पलीकडच्याची. थेट टोकापर्यंत. भर दुपारच्या उन्हात अर्धी रांग कुजबुजली आणि गप्प झाली. आम्ही सगळे ताठ उभे होतो, चकचकीत.

एक दिवस सूनबाई तिथे आली. स्टेपनी बघायला. दुकानदाराने नेमकं माझ्यावरच बोट ठेवलं. अगदी तुमच्या मापाचा आहे, हवा गेली तरी चालतो, असं तो सांगत होता. तेवढ्यात ट्रक गेला. रांग कुजबुजली. सूनबाई जागच्या जागी थिजली. दुकानदार बोलतच होता. तिने बाही वर केली आणि माझ्या आत हात घातला. तो हात मी लगेच ओळखला. तिने मला ओळखलं की नाही, माहीत नाही. काळा झालेला तळवा तिने बघितला.

मग तिने मला विकत घेतलं. स्टेपनीसाठी आणलेले सगळे पैसे तिने दुकानदाराच्या हातावर ठेवले आणि म्हणाली, "हा इथेच कापा. माझ्यासमोर."

दुकानदाराला वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. विकत घेऊन कुणी कापतं का? पण पैसे मिळाले होते. त्याने करवत लावली. मी एवढा चिवट, पण त्या वेळी अजिबात अडून बसलो नाही. माझे दोन तुकडे झाले, पूड वाऱ्यावर गेली आणि मला खूप शांत वाटलं. सूनबाईने रांगेतल्या पुढच्या टायरात हात घातला. तोही काळा निघाला. तिने पर्स उघडून बघितली, मिटली, आणि स्टेपनी न घेताच ती घरी गेली.

मित्रांनो, माझे तुकडे त्याच गल्लीच्या कोपऱ्यात पडलेत, आणि बाकीची भावंडं अजून रांगेत उभी आहेत. काल एका कुटुंबाने त्यांतला एक नेला. बाहेरून बघितला, छान आहे म्हणाले आणि नेला. म्हणून तुमच्यापाशी एकच मागणं आहे. घरच्यांनी टायर दुरुस्तीला दिला किंवा जुना आणला, तर दुकानदाराला म्हणा, आतून दाखवा. आणि गाडीच्या काचा बंद असताना, वळणावर, पुढच्या डाव्या बाजूने कधी वाळूवर पाय पडल्यासारखं ऐकू आलं, तर ते एकट्याने ऐकत बसू नका. शेजारी बसलेल्याला विचारा. बहुतेक त्यालाही ऐकू येत असतं.