निरोगी मातीची मूठ

पेरू देशातल्या डोंगरात सातुर्निनाच्या बटाट्याला मर लागली, पण ओढ्याकाठच्या तिच्या तुकड्यात एकही झाड वाळलं नाही. तिथली माती तिने प्रयोगशाळेत नेली. तिथल्या बाईंनी काचेच्या बशीत दाखवलं, मातीतल्या जिवाणूंच्या ठिपक्यांजवळ रोगाची बुरशी फिरकतच नव्हती.

मग लागवडीला सातुर्निना ओढ्याकाठची माती लामा जनावरांच्या पाठीवर लादून घेऊन आली आणि प्रत्येक बेण्याखाली मूठमूठ घालू लागली.

"वहिनी, मातीत माती घालून रोग जातो होय? औषध मारा," दीर फोर्तुनातो हसला.

"औषधानं राखणदारही मरतात, भावजी. हसून झालं असेल तर हात लावा."

त्या हंगामात मोजकीच झाडं पिवळी पडली. पुढच्या लागवडीआधी फोर्तुनातो माती मागायला आला, तेव्हा तिने त्याला आधी पोटभर जेवू घातलं.